गोळ्यांना दाद न देणारी

सकाळी पाय बुटात जाईनात, तेव्हा मला आधी वाटलं की पावसात भिजून बूटच आकसले. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुंबई सोडून लंडनजवळ इल्फर्डला राहायला आलो होतो. माझे यजमान सॅमसन बस डेपोत फिटर होते, मुलगी रूथ सहा वर्षांची होती आणि मी जवळच्या प्रायमरी शाळेत डिनर लेडी होते. रोज दुपारी मुलांना उकडलेले बटाटे, वाटाणे आणि कस्टर्ड वाढायचं, टेबलं पुसायची, घरी यायचं. इतका वेळ उभं राहिलं की पाय सुजणारच, असं बरोबरच्या बायका म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं.

मग पापण्या सुजायला लागल्या. "रात्री रडत होतीस का?" एका सकाळी सॅमसननी विचारलं. मी हसून नाही म्हटलं, पण आरशात बघितलं तर खरंच रडून उठल्यासारखा चेहरा होता.

मग पोट पुढे आलं. शाळेची हेड कुक आयलीन माझ्या कमरेकडे बघून हळूच म्हणाली, "कधी आहे तारीख?" मनात मीही तेच धरलं होतं. रूथनंतर आम्ही दुसऱ्या मुलाची फार वाट बघत होतो. पाय सुजतात, पोट वाढतं, अन्नावर वासना नाही, दुसरं काय असणार? जी.पी.कडे गेले ती नवा कार्डिगन घालून गेले. वाईट बातमीला आपण असे नटून जातो.

जी.पी. वयस्कर होते. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. मग काचेच्या नळीत माझी लघवी घेऊन ती त्यांनी छोट्या दिव्यावर धरली. बघता बघता नळीत पांढरा गोळा जमला. अंड्यातलं पांढरं शिजतं ना, अगदी तसा.

"डॉक्टर, बाळ आहे ना?" मी विचारलं.

त्यांनी दिवा विझवला. "नाही, मिसेस नागावकर. किडनीचं आहे. आजच हॉस्पिटलमध्ये जायचंय."

त्या दिवसाचं मला सगळ्यात काय आठवतं, तर मी त्यांना सॉरी म्हटलं. कशाबद्दल, ते आजही माहीत नाही.

*

वॉर्डात बायकांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. सकाळी अंधार असतानाच चहा यायचा, मग वजन, मग बिनमिठाचा नाश्ता. पलंगाखाली एक मोठी तपकिरी बाटली असायची, दिवसभराची लघवी तीत साठवायची. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याभरात मी ती बाटली हातात घेऊन वॉर्डातून चालत जायला लागले. लाज किती लवकर जाते, ते कधी हॉस्पिटलात पडलात तर तुम्हीही बघाल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक तरुण रजिस्ट्रार डॉक्टर माझा चार्ट घेऊन उभा राहिला. "एस्तेर नागावकर," त्यानं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चार्टकडे. "नागाव म्हणजे अलिबागजवळचं?"

"हो," मी मराठीत म्हटलं. "आम्ही बेने इस्राएल, तिकडचे ज्यू. पण माझा जन्म भायखळ्याचा."

त्यानं खुर्ची ओढली. "मी रानडे. पुण्याचा. मग कशाला इंग्लिशमध्ये बोलायचं?"

त्या क्षणी मला रडू फुटलं. डॉ. रानड्यांनी मला रडू दिलं आणि मग समजावलं. किडनी ही एक गाळणी असते. रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि चांगलं असेल ते आत ठेवायचं, हे तिचं काम. माझ्या गाळणीची भोकं मोठी झाली होती आणि अंगातलं प्रोटीन लघवीवाटे चाललं होतं. म्हणून सूज.

"आता स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करू," ते म्हणाले. "पुष्कळ जणांना लागू पडतात."

"आणि नाही पडल्या तर?"

"ते तेव्हा बघू," म्हणून ते उठले. जाता जाता त्यांनी माझी उशी सरळ केली.

*

माझ्या शेजारच्या पलंगावर मोइरा होती. स्कॉटलंडकडची, विशीतली, चपलांच्या दुकानात काम करणारी. तिचा आजार माझाच. तीच सूज, तीच बाटली, त्याच गोळ्या, सुरुवातही एकाच आठवड्यातली. सिस्टर आम्हाला 'द ट्विन्स' म्हणायची. त्या गोळ्यांनी भूक अशी लागायची की जेवणाची ट्रॉली वॉर्डाच्या टोकाला खडखडली की आम्ही दोघी उठून बसायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो. फार हसायचो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मोइरा बाथरूममध्ये गेली ती लवकर बाहेर येईना. आली ती बाटली दोन्ही हातांत धरून, काठोकाठ भरलेली. "एस्तेर, बघ ना!" ती ओरडली. दुपारी दुसरी बाटली मागवावी लागली. रोज सकाळी काट्यावर तिचं वजन घसरत गेलं. तिचे घोटे दिसायला लागले, मग गालांची हाडं. तिला म्हणे स्वतःचे गुडघे बघूनच आनंद व्हायचा.

माझं वजन वाढत होतं.

मोइराला मी आशीर्वाद दिले, आणि तिच्यावर जळलेही. दोन्ही खरं आहे. तुम्हाला कुणाला शेजारच्या पलंगावरचं माणूस बरं होताना बघावं लागलं, तर तुम्हीही तसेच जळाल. त्यात तुमचं वाईटपण नाही.

घरी जाताना तिनं तिच्या मोठ्या मापाच्या मऊ सपाता माझ्या पलंगाखाली ठेवल्या. "मला आता सैल होतात," म्हणाली, आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. तिनं माझे दोन्ही गाल धरले. "तुझंही होईल गं. उशीर लागतो काही जणींना."

गाल म्हणजे काय होते! गोळ्यांनी माझं तोंड ताटाएवढं झालं होतं. मानेमागे गोळा आला होता, हनुवटीवर लव. रविवारी लहान मुलांना आत सोडायचे. सॅमसन रूथला घेऊन आले. ती पलंगाच्या पायापाशी थांबली, पुढे येईचना.

"अगं, आईजवळ जा ना," ते म्हणाले.

"हा माझा आई नाहीये," रूथ म्हणाली. तिचं मराठी तेव्हापासूनच असं होतं. सॅमसन तिला रागावणार होते, मी हातानंच नको म्हटलं. आवाज ओळखीचा वाटावा म्हणून मी तिच्याशी बोलत राहिले, शाळेबद्दल, शेजारच्या मांजरीबद्दल. भेटीची वेळ संपायच्या आधी ती एकदाची जवळ आली आणि माझ्या गालात बोट खुपसून बघितलं.

काही आठवड्यांनी मोठ्या डॉक्टरांचा राउंड झाला. मोठे डॉक्टर पायाशी, मागे विद्यार्थी. ते विद्यार्थ्यांना सांगत होते, "ही पेशंट रेझिस्टंट आहे. स्टिरॉइडवर फेल झाली."

फेल. शाळेत मी कधी फेल झाले नव्हते. 'रेझिस्टंट' म्हणजे विरोध करणारी, एवढं इंग्लिश मला कळत होतं. सगळे गेल्यावर मी डॉ. रानड्यांना थांबवलं.

"डॉक्टर, मी सगळ्या गोळ्या घेतल्यात हो. एकही चुकवली नाही. सिस्टरना विचारा."

ते गोंधळले, मग त्यांचा चेहराच पडला. "अहो, तुमच्याबद्दल नाही म्हणाले ते. म्हणजे तुमच्याबद्दलच, पण..." ते पलंगाच्या कडेवर बसले. तसं बसायची डॉक्टरांना परवानगी नव्हती. "आपल्याकडे म्हणतात ना, आजार औषधाला दाद देत नाही. तेवढंच. आजार दाद देत नाही. तुम्ही नाही."

"मोइराच्या आजारानं दिली."

"हो."

"मग माझ्या का नाही?"

"माहीत नाही," डॉ. रानडे म्हणाले. "मला नाही, आणि ते मघाशी बोलत होते ना, त्यांनाही नाही."

*

मग पाठीत सुई घालून किडनीचा तुकडा काढला. पोटाखाली वाळूची पिशवी, श्वास रोखून पालथं पडायचं आणि खट्‌कन आवाज येतो. त्यात दिसलं की गाळणीत जागोजागी वण पडलेत. वण पडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

दुसरं एक औषध दिलं, कडक. त्यानं केस गेले. पाळी गेली, ती परत आली नाही. हे होऊ शकतं असं आधी कुणी सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. सांगितलं असतं तरी मी घेतलंच असतं. पण ज्या कोपऱ्यात रूथचा जुना पाळणा पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवला होता, तिथे मी पुष्कळ महिने बघत नव्हते. एक दिवस तो पाळणा तिथे नव्हता. सॅमसननी तो कुठे नेला, ते मी विचारलं नाही.

औषधानं काहीच झालं नाही. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या आणि डॉ. रानड्यांनी मला बसवून सांगितलं की आता किडन्या सावकाश थकत जातील. वर्ष, दोन वर्षं, कदाचित चार. त्यानंतर लवकरच त्यांना नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळाली आणि ते गेले. जायच्या आधी बायकोला घेऊन घरी भेटायला आले होते. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी बिनमिठाची चकली केली होती. चव अगदी पुठ्ठ्यासारखी होती. मी सगळी खाल्ली.

चार वर्षं मिळाली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बटाटा दोनदा उकडून पाणी टाकून द्यायचं. केळं नाही, नारळ नाही, मीठ नाही. पाणी मोजून. मग सगळं अंग खाजायला लागलं, तोंडात सारखी पितळेची चव. सकाळी उलटी करायची, तोंड धुवायचं आणि रूथच्या वेण्या घालायच्या. शाळेतलं काम सुटलं. सॅमसन डेपोतून येऊन स्वयंपाक करायला शिकले, तेही माझ्यासाठी वेगळा आणि त्यांच्या-रूथसाठी वेगळा.

क्लिनिकमध्ये एक मिस्टर हॉब्ज असायचे. एकटे, पन्नाशी उलटलेले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे. माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवायचे. आम्हा दोघांच्याही किडन्या साधारण एकाच वेळी संपत आल्या. तेव्हा रक्त गाळणारी डायलिसिसची मशीन थोडी आणि माणसं जास्त होती. कुणाला घ्यायचं, ते डॉक्टर बसून ठरवायचे. मला विचारलं, लहान मूल आहे का? आहे. नवरा मशीन चालवायला शिकेल का? शिकेल, तो फिटर आहे. घरात मोकळी खोली आहे का? आहे.

मला घेतलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा मिस्टर हॉब्जची खुर्ची रिकामी होती. मी सिस्टरकडे बघितलं. तिनं फक्त नाही अशी मान हलवली.

*

मागच्या छोट्या खोलीत मशीन आलं. पाण्याचा नवीन नळ, नवीन वायरिंग, भिंतीला धुता येईल असा रंग. त्या वेळी दर खेपेनंतर त्याचा फिल्टर सगळा उघडून, धुऊन, आतले पातळ पारदर्शक कागद बदलून पुन्हा आवळावा लागे. निर्जंतुक करायच्या फॉर्मॅलिनच्या वासानं घरभर डोळे चुरचुरायचे. आठवड्यातून तीनदा सॅमसन कामावरून यायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि माझ्या दंडात दोन जाड सुया घालायचे. पहिल्यांदा सुई घातली तेव्हा त्यांचा हात स्थिर होता. बाहेर जाऊन ते ओकले.

त्या हिवाळ्यात कोळशाच्या खाणकामगारांचा संप होता आणि दिवे जायचे. बहुतेक वेळा आधी कळायचं. एकदा कळलं नाही. रक्त माझ्या दंडातून निघून मशीनमध्ये गेलेलं, आणि सगळं गप्प झालं.

"रूथ, टॉर्च!" सॅमसन म्हणाले. पंपाला एक दांडा लावायची सोय होती. ते हातानं पंप फिरवायला लागले. रूथ तेव्हा दहा-अकराची. तिनं दोन्ही हातांनी टॉर्च नळीवर धरला.

"डॅडी, पंप स्लो होतोय."

"होऊ दे. तू नळीकडे बघ. पांढरं बुडबुड्यासारखं काही दिसलं तर सांग."

माझं सगळं रक्त परत माझ्या अंगात येईपर्यंत ते फिरवत राहिले. मग सुया काढून, पट्ट्या बांधून ते जमिनीवर बसले. थोड्या वेळानं उठले, कोट घातला आणि बाहेर गेले. पुढचं दार लागल्याचा आवाज आला. रूथनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येतील."

बराच वेळ आले नाहीत. आले ते दारातच उभे राहून म्हणाले, "एस्तेर, मी थकलोय गं."

"मला माहीत आहे."

"मी गेलो नव्हतो कुठे. गाडीत बसलो होतो. नुसता."

"अहो, या. चहा टाकते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्यामुळेच थकला होता तो माणूस. घरात आजार एकाला होतो आणि आजारी सगळे पडतात, हे डॉक्टर सांगत नाहीत.

*

माझा धाकटा भाऊ रूबेन लग्नानंतर इस्राएलला गेला होता. तिकडे दक्षिणेत एका कापडगिरणीत कामाला होता. किडनी बसवायच्या ऑपरेशनबद्दल सॅमसननी त्याला फोनवर सांगितलं, आणि त्यानं तिकडेच तपासण्या करून घेतल्या. त्याची किडनी मला जुळत होती.

मग एक दिवस दुपारी फोन आला. त्याची बायको, शोशाना.

"वन्सं, मी शेजारच्यांकडून बोलतेय. यांना माहीत नाही." ती भराभर बोलत होती. "तुम्ही नको म्हणा. तुमचं ऐकतील ते. माझी दोन लहान मुलं आहेत. यांना काही झालं तर मी इथे एकटी काय करू?"

मी म्हटलं, "बरं."

संध्याकाळी मी रूबेनला फोन लावला. "तू येऊ नकोस."

"शोशानानं फोन केला होता ना?"

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"ती घाबरलीय, ताई. मीपण घाबरलोय. पण मी येतोय."

मी पुन्हा नको म्हटलं नाही. मला जगायचं होतं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, तर सिस्टर पलंगाच्या कडेला टांगलेली पिशवी उचलून दाखवत होती. पिवळी लघवी, माझी. दोन दिवसांनी रूबेनला चाकाच्या खुर्चीतून आणलं. एका कुशीवर वाकलेला, ओठ कोरडे. त्यानं पिशवीकडे बघितलं आणि हसायला लागला, मग टाके धरून कळवळला. "अगं ताई, मुततीय की ती!"

मी पाणी प्यायले. पेला भरून, न मोजता, एका दमात. इतक्या वर्षांनी. त्या पाण्याची चव मी कुणालाही सांगू शकणार नाही.

*

दुसऱ्या आठवड्यात लघवीला फेस दिसला. मी लगेच सिस्टरला हाक मारली. तिनं तपासलं आणि नळीतला पांढरा थर माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला.

डॉ. मरे म्हणून एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्या खरं बोलायच्या. "तुमचा जुना आजार नव्या किडनीत आला आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे बिघाड तुमच्या किडन्यांत नव्हताच कदाचित. रक्तात काहीतरी आहे, जे किडनीला इजा करतं. काय आहे, ते आम्हाला सापडलेलं नाही. असं होऊ शकतं हेच आता कुठे कळायला लागलंय."

"आता काय करणार?"

"स्टिरॉइडचा डोस खूप वाढवू. शिरेतून देऊ."

"डॉक्टर, मला त्या लागू पडत नाहीत."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरं काही नाही."

पुन्हा तोंड ताटाएवढं झालं. पुन्हा झोप नाही, विनाकारण संताप. एकदा मी रूथवर एवढी ओरडले की समोरच्या पलंगावरची म्हातारी पांघरुणात शिरली. फेस काही गेला नाही, पाय सुजले.

रूबेन तोवर इल्फर्डला आमच्या घरी राहत होता. तो बसनं भेटायला आला आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो हाताची नखं बघायला लागला.

"माझीच खराब होती का गं?" त्यानं विचारलं. "मी लहानपणी टायफॉइडनं आजारी होतो ना, त्यामुळे काही?"

एवढ्या सगळ्यात मला जे सगळ्यात जास्त लागलं, ते हे.

"नाही रे राजा," मी म्हटलं. "तुझी चांगली होती. सगळे डॉक्टर म्हणाले, इतकी चांगली किडनी बघितली नव्हती. माझ्या रक्तानं खाल्ली ती." डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

शेवटी त्या किडनीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती काळी पडली आणि काढून टाकावी लागली. मी बेशुद्धीतून उठले तेव्हा पलंगाला पिशवी नव्हती.

शोशानाचा फोन आला तेव्हा सिस्टरनं ट्रॉलीवरचा फोन माझ्यापाशी आणला. मी आधीच सांगून टाकलं, "रूबेन अगदी बरा आहे. टाके सुकलेत. पण ती किडनी गेली, शोशाना. फुकट गेली."

ती काहीही बोलली तरी ऐकून घ्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "होती तेवढे दिवस पाणी पोटभर प्यायलात का?"

"हो."

"बरं झालं," शोशाना म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो.

*

रूबेन परत जायच्या आधी त्याला मलिदा करायचा होता. आमच्यात काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, की एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट करतात.

सॅमसन चिडले. "कशाचे आभार मानायचे, रूबेन? काय राहिलंय?"

"दोन माणसं ऑपरेशन टेबलावर गेली होती, भावजी. दोघंही उठून घरी आली," रूबेन म्हणाला.

इल्फर्डमधली आमची दोन-तीन घरं जमली. प्रार्थना झाली. त्या ताटातलं जवळजवळ सगळंच मला वर्ज्य. मी चिमूटभर पोहे जिभेवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि माझी मशीनची पाळी. रूबेननं मला मशीनवर कधी बघितलं नव्हतं. आला तो थेट ऑपरेशनसाठीच. तो खोलीच्या दारात आला आणि सॅमसन सुया घालत होते ते बघून थबकला. मी त्याला आत बोलावलं. सॅमसननी नळ्या जोडल्या, रक्त फिरायला लागलं, आणि ते खाली रूथला जेवायला वाढायला गेले.

रूबेन स्टूल ओढून बसला. लाल नळीकडे बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल की देव बघतोय, किंवा पुढच्या खेपेला नक्की जमेल. सगळे म्हणायचे. मशीन आल्यापासून मला प्रत्येक जण विचारायचा, कशी आहेस? आणि मी सगळ्यांना, सॅमसननाही, म्हणायचे, बरी आहे.

"ताई," त्यानं विचारलं, "दुखतं का गं?"

"हो," मी म्हटलं. "खूप दुखतं."

माझ्या मोकळ्या हाताखाली त्यानं आपला हात ठेवला, आणि मशीन थांबेपर्यंत तिथेच बसून राहिला.